माझ्या नावाचं पार्सल

मुलीने ज्या एका वाक्याने माझी सुट्टी मातीत घातली, ते वाक्य ती फोनवर फार आनंदाने म्हणाली होती. "आई, घराला फुल किचन आहे. बाबांच्या जेवणाचं टेन्शनच नाही."

तिला जर्मनीत नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. आम्हा दोघांना तिकडे बोलवायचं आणि तिथून ऑस्ट्रियातल्या डोंगरात एका खेड्यात दहा दिवस न्यायचं, असा तिचा बेत होता. बाबांना हॉटेलातलं चालत नाही म्हणून तिने एक अख्खं घर भाड्याने घेतलं. फोटो पाठवले. चार शेगड्या, ओव्हन, भांडी धुवायचं मशीन. खिडकीतून हिरवागार डोंगर दिसत होता आणि त्या खिडकीच्या बरोबर खाली ओटा होता. म्हणजे डोंगर बघायचा तर ओट्याशी उभं राहूनच बघायचा.

मला त्या सुट्टीकडून एकच गोष्ट हवी होती. दहा दिवस मला स्वयंपाक करायचा नव्हता. डोंगर, तळी, बर्फ यांचं मला विशेष काही नव्हतं. ते टीव्हीवर दिसतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यातली सव्वीस वर्षं मी तारनाक्याच्या विद्यापीठाच्या ऑफिसात नोकरी केली आणि रोज सकाळी आठच्या आत तीन डबे भरले. गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, आता आराम. आराम म्हणजे एवढाच की जे डब्यात भरत होते ते ताटात वाढू लागले.

आता, ही गोष्ट मी कोणाला सांगितली होती का? नाही. सांगायला कशाला हवं, असं मला वाटत होतं. घरात दोन शिकलेली माणसं आहेत, त्यांना एवढं कळू नये? त्यांना कळलं नाही, आणि मग मी दोन आठवडे धुसफुसत राहिले.

आमचे हे काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांचं सामान तोलणं, त्यावर शाईने नाव-गाव घालणं आणि गाडीत चढवणं यात गेला. निवृत्तीनंतर तीन वर्षं हात रिकामे होते. मुलीचा फोन झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेबलावर कागद पसरला. माणशी तेवीस किलो, दोघांचे सेहेचाळीस. दोघांचे कपडे एका बॅगेत बसवायचे आणि दुसरे तेवीस किलो पूर्ण किराण्याला द्यायचे, असं त्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं. मी म्हटलं, अहो, माझे कपडे? तर म्हणाले, तिथे थंडी असते, एका स्वेटरखाली काय घातलंय ते कोण बघतंय. मी पहिल्यांदा परदेशी निघाले होते आणि माझ्या वाट्याला अर्धी बॅग आली, ती ज्वारीच्या पिठामुळे.

किराणा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला असता तर एका दिवसात आटपलं असतं. पण यांना अफझलगंजचा जुना बाजार लागतो. चांगली तूरडाळ अफझलगंजलाच, चिंच तिथलीच, पोहे तिथलेच. बसने जायचे, दोन पिशव्या घेऊन यायचे आणि काहीतरी विसरलं म्हणून परवा पुन्हा जायचे. यादी रोज वाढत होती. तांदूळ, डाळ, बेसन, ज्वारीचं पीठ, आमटीचा येसर मसाला, कारळाची चटणी, गूळ, साबुदाणा. साबुदाणा कशाला म्हणून विचारलं, तर मध्ये चतुर्थी येते. चतुर्थी मी धरते, ते नाही. म्हणजे माझ्या उपासाची खिचडीही तिकडे मीच करायची होती.

किराण्यानंतर घरसामान निघालं. भांडी घासायची घासणी आणि वडी, कारण त्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, सिंकला लावायची जाळी. आणि प्लास्टिकचा मग. मगाबद्दल मी काही बोलले नाही, तो मलाही पाहिजे होता.

मुलीला ती यादी फोटो काढून पाठवली. तिला मराठी बोलता छान येतं, वाचायला घेतलं की अडखळते. अर्धी यादी तिने वाचली, अर्धी बाबांकडून फोनवर वदवून घेतली आणि म्हणाली, तूप चालणार नाही, दुधातुपाचं काहीच आणायचं नाही, तिथे नियम आहे. यावर बापलेकीत अर्धा तास वाद झाला. यांचं म्हणणं असं की तूप हे दूध नव्हे. शेवटी तूप वगळलं, पण त्या जागी दीड किलो शेंगदाण्याचं कूट घातलं गेलं. कूट कोणी केलं ते सांगायला नको. आणखी एक गोष्ट तिने बोलता बोलता सांगितली, की तिथली शेगडी काचेची आहे आणि तिच्यावर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. मला आशा वाटली. दुसऱ्या दिवशी हे सपाट बुडाचा नवाकोरा स्टीलचा कुकर घेऊन दारात उभे.

त्यात काचीगुड्याहून नणंद आली. तिने आंब्याच्या लोणच्याची बरणी आणली होती, तोंड प्लास्टिकने चार वेळा बांधलेली, आणि दीड किलो शेव. "वैनी, तुमची तर मज्जाच हाय," ती म्हणाली, "तिथंबी घरचंच जेवण." मी चहा टाकायला आत गेले. दुधाचं पातेलं मी किती जोरात आदळलं ते तिने ऐकलं असेल.

त्या दिवशी मी जाहीर केलं की मला या सामानातलं काही विचारायचं नाही, काही दाखवायचं नाही, मी कशातच नाही. हे म्हणाले, बरं. एवढंच. त्यांच्या त्या "बरं"ने माझं डोकं आणखी फिरलं. भांडायला निघालेल्या माणसाला समोरून काहीतरी लागतं की नाही?

हॉलच्या मधोमध मांजरपाटाचं मोठं कापड पसरून त्यावर पार्सल आकाराला येत होतं. पीठं खाली, डाळी कडेने, स्टीलचे डबे मध्ये, फुटणारं सगळं कपड्यांत गुंडाळून. दर संध्याकाळी हे चारी टोकं गोळा करून हुकाच्या काट्याला अडकवायचे, वजन बघायचे आणि कागदावर लिहायचे. आम्ही आठवडाभर त्या ढिगाला वळसा घालून वावरत होतो. झाडूवाली विचारायची, अम्मा, घर बदलताय का?

मंगळवारपर्यंत वजन एकोणीस किलोवर थांबलं होतं. मला वाटलं, संपलं एकदाचं. तर बुधवारी हे अफझलगंजहून लोखंडी खलबत्ता घेऊन आले. छोटा होता, पण लोखंडीच. मी नुसती बघत राहिले. विमानाने, समुद्रापलीकडे, खलबत्ता. त्या दिवशी मात्र मी तोंड सोडलं. म्हटलं, आता जातंही घ्या, पाटा-वरवंटा घ्या, मला काय, कुटणारी बरोबर आहेच. ते खलबत्ता टॉवेलात गुंडाळत होते. एकदा माझ्याकडे बघितलं, जरा बुचकळ्यात पडल्यासारखं, आणि परत गुंडाळायला लागले.

निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी पार्सल शिवलं. दाभण, सुतळी, एकाआड एक घट्ट टाके, कोपऱ्यांवर दुहेरी. लोक विमानाला चाकांच्या बॅगा नेतात, आमचं गाठोडं शिवून चाललं होतं. शिवून झाल्यावर काळ्या शाईने नाव घातलं. पाठवणारा म्हणून स्वतःचं, घेणारी म्हणून माझं, खाली त्या खेड्याचा पत्ता. मी म्हटलं, माझं नाव कशाला? तर म्हणाले, दोन्हीकडे एकच नाव घालत नसतात. मी कपड्यांच्या अर्ध्या बॅगेत चार कुर्ते कोंबले आणि बॅग लावली.

विमानतळावर वजन भरलं बावीस किलो नऊशे ग्रॅम. काउंटरवरच्या मुलीने त्या शिवलेल्या गाठोड्याकडे आणि मग आमच्याकडे बघितलं, पण चिठ्ठी लावली आणि पट्ट्यावर सोडलं. यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मुलीच्या लग्नातही दिसेल असं वाटत नाही. आम्ही पुढच्या रांगेत लागलो आणि दहाच मिनिटांत आमच्या नावाचा पुकारा झाला.

एका कर्मचाऱ्याने आम्हाला खाली एका खोलीत नेलं. पांढऱ्या दिव्याखाली टेबलावर आमचं पार्सल होतं आणि शेजारी एक जाडसर, दमलेला अधिकारी. तो म्हणाला, यात काहीतरी आहे, उघडा. त्याने कात्री पुढे केली. यांनी कात्री घेतली नाही. कापड फाटेल, सुतळी वाया जाईल, म्हणून एकेक टाका नखाने सैल करत उसवायला लागले. मी म्हटलं, अहो, विमान जाईल. अधिकाऱ्याने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, आणि मनात दोन आठवड्यांचं सगळं साठलेलं उफाळून येत होतं: बघा, सांगत नव्हते मी? घ्या आता कुकर, घ्या खलबत्ता.

पण अधिकाऱ्याला कुकरशी देणंघेणं नव्हतं, खलबत्त्याशीही नव्हतं. त्याने पिठाखालचा एक डबा काढला, झाकण उघडलं आणि आतलं फडकं सोडलं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या.

"अम्मा, ये खोपरा किसका है? सूखा खोपरा अलाउड नै."

सुकं खोबरं पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही, हे आम्हा दोघांनाही तिथे पहिल्यांदा कळलं. पण माझी बोलती बंद झाली ती त्याने नाही. ते फडकं माझ्या जुन्या हिरव्या साडीचं होतं. खोबरं मी ठेवलं होतं.

मंगळवारी दुपारी हे अफझलगंजला गेले असताना मी उघड्या पार्सलाजवळ जाऊन बसले होते. कशातच नाही म्हणून जाहीर करून झाल्यावर. सहज डबे चाळले आणि लक्षात आलं की खोबरं नाही. खोबरं भाजून वाटल्याशिवाय आमच्याकडे रस्सा होत नाही आणि यांना रश्श्याशिवाय भाकरी जात नाही. मी उठले, आतल्या डब्यातून चांगल्या वाट्या निवडल्या, साडीच्या तुकड्यात बांधल्या आणि पिठाखाली सारल्या. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालले, आणि संध्याकाळी मी पुन्हा रागावून बसले.

"मेरा है साब," हे म्हणाले. "मैं रखा."

मी त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस कधी अर्ध्या किलोचं खोटं वजन लावत नसे. अधिकाऱ्याने डबा बाजूला ठेवला, बाकी ठीक आहे, लवकर बंद करा म्हणाला आणि दुसऱ्या कोणाच्या बॅगेकडे वळला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"हौ. मंगळवारी वजन सहाशे ग्रॅमनं जास्त भरलं. खोलून बघितलो." ते पार्सलमधल्या एका डब्यातून दाभण काढत होते. परतीच्या प्रवासासाठी ठेवलं होतं. "तू कशातच नाही म्हणालीस आन् गुपचूप खोबरं ठेवलीस. मला वाटलं, हिला तिथंबी हातानं करून घालायचंय, वरवर रागावती. खोबरं वाटणार कशात? म्हणून खलबत्ता आणलो."

असा तो खलबत्ता आला होता. बुधवारी मी एवढं तोंड सोडलं तेव्हा ते बुचकळ्यात का पडले, तेही मला आता कळलं.

"मला तिथे स्वयंपाक करायचा नाहीये," मी म्हटलं. "एक दिवससुद्धा नाही. पहिल्यापासूनच करायचा नव्हता."

एकतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं, तेही एका तळघरात, पिठाच्या पिशव्या समोर ठेवून. त्यांनी हातातलं दाभण खाली ठेवलं. रागावले नव्हते. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं.

"मग खोबरं कशाला ठेवलीस?"

तुम्ही रस्सा मागाल म्हणून, असं म्हणणार होते. पण त्यांनी रस्सा मागितला नव्हता. त्यांनी भाकरीही मागितली नव्हती. पीठ घेतलं होतं, एवढंच. त्यांनी सुतळी ओवली आणि पार्सल पुन्हा शिवायला घेतलं, तेच टाके, तीच भोकं. शिवता शिवता खाली बघूनच म्हणाले, "पार्सल तुझ्या नावाचं हाय. ज्याच्या नावाचं, त्यानंच सोडवायचं असतं. तू खोललीस तर खोललं. नाय तर नाय."

मला वाटलं, रागात बोलताहेत, पोहोचल्यावर विसरतील. तसं झालं नाही. त्या डोंगरातल्या घरात पार्सल स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं गेलं आणि तिथेच राहिलं. मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, आई, यात काय काय आहे, उघडू या ना. हे म्हणाले, ते आईचं आहे. मग ती आणि तिचे बाबा मिळून ब्रेड, टोमॅटो, काकडी, डब्यातलं सूप असं काहीबाही जमवायला लागले. यांनी टोमॅटो असा चिरला की फोडी की लगदा ते कळेना. मी खुर्चीत बसून होते. डोंगर दिसत होता. हवं होतं ते मिळालं होतं.

आणि मला एक क्षण चैन नव्हतं. संध्याकाळचे सात वाजले की मी दर दोन मिनिटांनी आत डोकावायची. गॅस, म्हणजे ती काचेची शेगडी, बंद केली का. ताटं पुसली का. चौथ्या दिवशी ब्रेड खाऊन यांचं पोट बिघडलं. ते कोमट पाणी पीत बसले. पार्सलमध्ये तांदूळ होता, मूगडाळ होती, नवा कुकर होता. वीस मिनिटांचं काम. मी त्या पार्सलजवळ जाऊन उभी राहिले, सुतळीचं टोक शोधून हातात धरलं आणि मला स्वतःचाच इतका संताप आला की मी ते टोक सोडून बाहेर अंगणात जाऊन बसले. मुलगी दुकानातून तांदळाचं पाकीट घेऊन आली, बापाने भात शिजवला. खाली लागला. त्यांनी तो मीठ घालून खाल्ला.

दहा दिवस मी शेगडीला हात लावला नाही. मला ते रोजच्या स्वयंपाकाहून जड गेलं. पार्सल जसं गेलं तसं परत निघालं. मुलगी विमानतळावर गळ्यात पडून म्हणाली, आई, या वेळी तुला खरंच आराम मिळाला. मी हो म्हटलं.

शमशाबादच्या विमानतळावर उतरून टॅक्सीत बसलो. पार्सल मागे डिकीत, माझं नाव वरच्या बाजूला. उन्हं उतरत होती, रस्त्यावर आपली गर्दी, आपले हॉर्न. हे डोळे मिटून बसले होते. गाडी पहिल्या पुलावरही चढली नव्हती.

"घरी गेल्यावर पिठलं-भाकरी टाकू का?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"मी काही बोललो नाही," ते म्हणाले.

खरंच बोलले नव्हते.